पुलावरची हाक

जपानमधल्या एका डोंगरी मठात एकदा एक वृद्ध गुरू राहत असत. त्यांच्या पंथातले साधू मंत्र म्हणत नसत. शाकुहाची, म्हणजे वेळूची जाड, उभी बासरी वाजवणे हीच त्यांची उपासना. भिक्षेला निघताना ते वेताची टोपली डोक्यावरून हनुवटीपर्यंत घालत. चेहरा कोणाला दिसत नसे. वाटेत दुसरा साधू दिसला तर एकाने हाकेची धून वाजवायची, दुसऱ्याने उत्तराची. उत्तर आल्याशिवाय हाक देणाऱ्याने जागा सोडायची नाही, असा दंडक होता.

तेशिन मठात नऊ वर्षे होता, गेनपो अवघी दोन. तरीही संस्थापकांच्या पुण्यतिथीला वादनाचा मान गुरुजींनी गेनपोला दिला. तेशिनच्या अंगाचा तिळपापड झाला. गेनपोचे सूर त्याला सोसवत नसत, आणि ऐकल्यावाचून राहवतही नसे.

"श्वास तोकडा आहे त्याचा. खालचा सूर तर दर वेळी फाटतो," तो स्वयंपाकी साधूला सांगे.

"एवढं लक्ष मी माझ्या भाताकडे दिलं असतं ना," तो साधू हसून म्हणाला, "तर एकदाही करपला नसता."

एका हिमाच्या सकाळी दोघे वेगवेगळ्या वाटांनी भिक्षेला गेले. परतताना तेशिन ओढ्यापाशी आला. पुलावर गेनपो उभा होता. धुक्यात समोर टोपली दिसताच त्याने हाकेची धून वाजवली. तेशिनने सूर ओळखला. बासरी ओठांपर्यंत नेली आणि खाली घेतली. हाक पुन्हा आली. 'तिसऱ्या वळणावर श्वास तुटला,' त्याने मनात नोंदवले आणि खालच्या वाटेने ओढा ओलांडून तो निघून गेला.

"वाटेत कोणी भेटलं?" गुरुजींनी विचारले.

"नाही, गुरुजी."

दुपारी मुळे विकणारी म्हातारी आली. "अहो महाराज, तुमच्यातला एकजण सकाळपासून पुलावर तीच ती धून वाजवतोय. अंगावर बर्फ साचलंय. म्हटलं, घरी जा रे बाबा. तर मान हलवतो नि परत सुरू! डोकं फिरलंय का त्याचं?"

गुरुजींनी तेशिनकडे एकदा पाहिले. स्वयंपाकी साधूला घोंगडी देऊन पुलाकडे पिटाळले. मग म्हणाले, "तेशिन, पुण्यतिथीची रचना वाजव."

तेशिनला वाटले, मान आता आपल्याकडेच येणार! त्याने रचना निर्दोष वाजवली. शेवटचा सूर विरला. गुरुजींनी पाठ फिरवली आणि ते शेगडीतले निखारे सारखे करू लागले. ना होकार, ना नकार. तेशिनला ती शांतता असह्य झाली.

"गुरुजी, काहीतरी बोला! वाईट तरी म्हणा!"

"किती वेळ झाला वाजवून?"

"थोडाच."

"तो सकाळपासून उत्तराची वाट पाहतोय."

तेशिनची मान खाली गेली, पण मनातले बाहेर आलेच. "मग त्याची निवड का केलीत? श्वास माझाच मोठा आहे."

"आहेच. तू वाजवतोस तेव्हा ऐकणाऱ्याला मान डोलावण्यापलीकडे काही उरत नाही. तो वाजवतो आणि समोरच्यासाठी थांबतो. पुलावर त्याने एवढंच विचारलं, 'कोणी आहे का?' नऊ वर्षं साधना केलेला माणूस समोर होता. त्याने प्रश्न ऐकला आणि त्यातले दोष मोजले."

तेशिन अनवाणी धावत सुटला. पुलावर पोहोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. उत्तराची धून दोनदा चुकली, तिसऱ्यांदा कशीबशी पूर्ण झाली. स्वयंपाकी साधूने पांघरलेल्या घोंगडीत उभ्या गेनपोने टोपली काढून वाकून नमस्कार केला. त्याचे ओठ निळे पडले होते.

"सकाळी मीच होतो," तेशिन म्हणाला.

"माहीत आहे. तुमची चाल ओळखतो मी. म्हणूनच थांबलो."

पुण्यतिथीला गेनपोच वाजवायला बसला. तेशिनला आत कुठेतरी टोचलेच; मत्सर असा एका दिवसात जात नाही. पण शेवटचा सूर विरल्यावर सर्वांत आधी त्याचीच मान लवली.

बरोबरीच्या माणसाचे चांगले काम पाहून आपण गप्प बसतो आणि त्याला तटस्थता म्हणतो. ती तटस्थता नसते. पुलावर कोणीतरी गारठत असते.