केरूचे पानगे आणि निखारपरी

त्या सकाळी धुकं असं दाट पडलं होतं की अंगणातली तुळस कापसात गुंडाळल्यासारखी दिसत होती. गवताच्या पात्यापात्यावर दवाचे इवले इवले मणी! आणि थंडी एवढी, की कोंबडासुद्धा उशिरानं आरवला.

केरूची आई तापातून नुकतीच उठली होती. कितीतरी दिवसांनी आज तिला भूक लागली.

"केरूबाळा, गरम गरम पानगा खावासा वाटतोय रे," ती म्हणाली.

केरूनं डबा उघडून बघितला. पीठ होतं ओंजळभर. सरपण दवानं भिजलेलं. कोरड्या गोवऱ्या उरल्या होत्या चारच. कालही त्यानं पानगे लावले होते, पण झाले का, झाले का म्हणून सारखं झाकण उघडून बघितलं. गोवऱ्यांची राख झाली आणि पानगे बाहेरून काळे, आतून कच्चे! शेजारच्या बोकडानं ते नुसते हुंगले आणि तोंड फिरवलं. आज तसंच झालं तर आई उपाशीच राहणार.

केरू पानं आणायला पळसाच्या रानात गेला. बघतो तर काय, एका पानावर बोटाएवढी परी कुडकुडत बसलेली. शेंदरी झगा, सोनेरी चिमुकले पंख, आणि पंखांवर दवाचं ओझं. केरूनं गळ्यातला फडका सोडला, तिला अलगद गुंडाळलं आणि ओंजळीत धरून तोंडाची ऊब दिली. हळूहळू पंख लखलखू लागले.

"मी निखारपरी," ती म्हणाली. "विझायलाच आले होते रे! माग, काय हवं ते माग."

"आईला पानगे हवेत. गोवऱ्या चारच आहेत."

"मग डोंगराएवढी लाकडं माग की!"

"डोंगर कशाला? आईची भूक तर दोन पानग्यांची."

परी खुदकन हसली. चार ठिणग्या उडाल्या.

"बरं तर. मी तुझ्या निखाऱ्यात बसते. पण दोन गोष्टी पाळायच्या हं. वास उंबऱ्यापर्यंत आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आणि ऊब उरलेली असताना कुणी पीठ घेऊन आलं, तर नाही म्हणायचं नाही."

केरूनं घरी येऊन पीठ मळलं, अंगणातल्या चुलीत गोवऱ्या पेटवल्या; निखारे फुलले तशी परी त्यांत जाऊन बसली. पानग्यांना पळसाचं पान गुंडाळलं, निखाऱ्यांवर मातीचं खापर ठेवून ते त्यात मांडले, वर झाकण घातलं. झाकणावरही थोडे निखारे आणि राख पसरली. मग हात मांडीखाली दाबून बसला. बोटं कशी शिवशिवत होती!

तेवढ्यात शेजारच्या गिरजाआजी पिठाचा गोळा घेऊन आल्या. "माझी चूल पेटेना रे मेली! माझेही भाजशील का? आणि तू बसलायस काय असा? करपले असतील, उघड झाकण!"

"उघडायचं नाही, आजी. तुम्ही बसा. आमचे निघाले की लगेच तुमचे."

"तोवर सगळं विझून जाईल!"

तीच धास्ती केरूलाही होती. निखारे राखेत दिसेनासे झाले होते. एकदाच, बोटभर उघडून बघावं का? हात झाकणापर्यंत गेला... आणि मागे आला.

मग दरवळ निघाला. खरपूस, गोड, पळसाचा हिरवा वास! चुलीपासून अंगणात, अंगणातून उंबऱ्यावर. आतून आईची हाक आली, "झाले वाटतं रे!"

केरूनं झाकण उचललं. पानगे सोनेरी, फुगलेले, आतून मऊ मऊ. झटकन त्यानं गिरजाआजींचे आत ठेवले आणि झाकण घातलं. नवी गोवरी लागलीच नाही, तरी त्याच उबेवर तेही खमंग भाजले.

आईनं दुसरा पानगा मागून घेतला, तेव्हा राखेतून निखारपरी वर आली.

"एक निखारा ठेवून जाते. रोज राखेत झाकून ठेव, तो विझायचा नाही," ती म्हणाली.

सगळं अंगण केशरी उजेडानं भरून गेलं, आणि त्या उजेडातच परी दिसेनाशी झाली.

गिरजाआजींनी आपले पानगे पदरात घेतले. निघता निघता त्या थांबल्या, केरूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "उद्या तू चूल पेटवू नकोस हं. उद्याचा जाळ माझ्या अंगणात. तू नुसतं पीठ घेऊन ये, आणि आईला हाताला धरून आण."