नैवेद्य दाखवणारा बगळा

तलावाची पाळ अजून कच्च्या मातीची होती, त्या फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. झाडीपट्टीतल्या एका मासे धरणाऱ्या ढिवरांच्या गावात सायत्रा नावाची म्हातारी राहायची. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. नवरा देवाघरी, लेकी सासरी. घरासमोरच्या चिंचेवर बगळ्यांची घरटी होती आणि तो कलकलाट हाच तिचा गोतावळा. कुठला बगळा कुठल्या फांदीवर रुसून बसलाय, हेही तिला कळायचं, असं म्हणतात.

एका वर्षी जाळ्यात मासाच येईना. दिवसभर पाण्यात उभं राहावं आणि शेवाळ घेऊन घरी यावं. पोटात कावळे ओरडू लागले, तसा गावाने बगळ्यांवर राग काढला. डोमा पाटील म्हणाला, "बगळेच सारे मासे खाऊन रायले. उद्या चिंच तोडा, जातीन आपोआप."

सायत्राचा जीव कासावीस झाला. घरट्यांत पिल्लं होती, अजून पंखही न फुटलेली. "पाटील, पयले माह्या मानेवर कुऱ्हाड घाला!" ती ओरडली. पण ऐकतो कोण?

सकाळी ती पाण्याशी जाऊन रडत बसली. तेवढ्यात एक मातकट बगळा काठावर आला. त्याने गवतातला किडा चोचीत धरला, पण खाल्ला नाही. अलगद पाण्यावर ठेवला आणि मान आखडून उभा राहिला. किडा वाहत लांब जाऊ लागला, तसा उचलून पुन्हा जागेवर ठेवला. मग किडा खायला मासा वर आला आणि बगळ्याने तो मटकावला.

दुसरं कोणी म्हणालं असतं, काय लबाड पाखरू! सायत्राला मात्र वाटलं, हा तर तलावाच्या आईला नैवेद्य दाखवतोय. आणि आपण? जाळं टाकण्याआधी पाण्यात लाह्या सोडायच्या, ही वाडवडिलांची रीत. पण अलीकडे लोक लाह्यांची टोपली नुसती पाण्यावरून ओवाळायचे आणि काठावर बसून स्वतःच फस्त करायचे.

ती पदर खोचून धावली. कुऱ्हाडवाले चिंचेखाली पोचलेच होते. "अरे, पाखराले कळते ते तुमाले कळत नाई! तो आदी आईले देते, मंग खाते. अन् तुमी?"

नेमकी पाटलाच्या मिशीत एक लाही अडकलेली होती. सगळे खो खो हसले. पाटील इतका ओशाळला, की टोपलीभर लाह्या त्याने स्वतःच पाण्यात सोडल्या.

मग काय झालं म्हणता? चिंचेवरचे सगळे बगळे खाली उतरले, चोचीतला एकेक किडा पाण्यावर ठेवून ओळीने उभे राहिले, आणि मासे असे उसळले की जाळं ओढायला अख्खं गाव लागलं. दोन-चार तर पाटलाच्या धोतरात शिरले, असं म्हणतात. झाड तोडायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

सायत्राला जाऊन किती पिढ्या लोटल्या, कुणालाच सांगता येत नाही. पण आजही त्या गावात जाळ्यातला पहिला मासा काठावरच्या बगळ्याला टाकतात. त्याने तो गिळला, की गावातली सगळ्यात थोरली बाई हात जोडते आणि म्हणते, "जेवली माय सायत्रा."

मगच बाकीचे मासे घरोघरी जातात.