वगळलेली तबकडी

"आणि ही तबकडी का वगळलीस?"

शर्वाणी थबकली. उपाध्ये सर तिचा अहवाल एवढ्या बारकाईनं बघतील असं तिला वाटलं नव्हतं.

निवृत्त झाले तरी सर रोज प्रयोगशाळेत येत. हृदयाच्या पेशी वाढवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. दात्याच्या रक्तापासून मूळपेशी करायच्या, मूळपेशींपासून हृदयाच्या पेशी. त्या तबकडीत धडधडू लागल्या, की नवं औषध आधी त्यांना द्यायचं, मग माणसांना. शर्वाणीची सांधेदुखीवरची गोळी माणसांना द्यायची की नाही, हे उद्या समिती ठरवणार होती.

"हा दाताच सदोष आहे, सर. बाकी सगळ्यांच्या पेशी औषध घातल्यावरही लयीत चालतात. याच्या अडखळतात."

"औषध घालण्याआधी?"

"आधी... नीट होत्या."

"मग बिघडल्या कधी?"

ती जराशी चिडून हसली. "सर, तुम्ही मला अजून पहिल्या वर्षाची समजता."

"छे गं. तेव्हा तू फसलेल्या तबकड्या माझ्यापासून लपवायचीस. आता राजरोस वगळतेस. प्रगती आहे."

"पण एका माणसापायी हजारो लोकांचं औषध अडवायचं?"

"कोण आहे तो?"

"मला कसं कळणार? दात्यांची नावं गुप्त असतात."

"दात्याला तर आपला क्रमांक ठाऊक असतो ना?"

शर्वाणीनं मान वर केली. सरांनी स्वेटरची बाही मागे सारून मनगट पुढे केलं होतं.

तिनं नाडीवर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली.

"काय म्हणतेय?"

"नीट आहे, सर... अगदी नीट."

"हृदय नीट आहे. गुडघे मात्र जिना चढू देत नाहीत. तुझी गोळी आली, की पहिल्याच दिवशी घ्यायची, असं ठरवून बसलो होतो मी."

मनगट सोडायचं शर्वाणीला सुचलं नाही.

मग ती उठली. ऊबपेटीत अगदी मागे, टाकून द्यायच्या तबकड्यांमध्ये ती तबकडी होती. पेशींचं अन्न असलेलं गुलाबी पाणी बदललंच नव्हतं, पिवळं पडलं होतं. तिनं तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

पेशी हळूहळू धडधडत होत्या. मध्येच थांबत, पुन्हा सुरू होत.

"उद्या हीसुद्धा दाखवते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "औषध अडकेल, सर."

"अडकेल."

"पण समितीला सांगू काय? इतके दिवस ही कुठे होती म्हणून विचारतील..."

सरांनी खुर्ची जवळ ओढली आणि सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं.

"ते उद्याचं उद्या. आधी खायला घाल गं. दोन दिवस उपाशी ठेवलंयस मला."