एकवीस माणसांचं पाणी

"मग यातली कुठली न्यायची, बाबा?"

चिंचेच्या खालच्या फांदीला तीन पिशव्या लटकत होत्या. एक बकऱ्याच्या कातड्याची, वापरून वापरून काळी पडलेली. दुसरी जाड कॅनव्हासची, अंगातून पाझरणारी. आणि तिसरी मन्मथची. निळी, नवीकोरी, पाठीवर अडकवायची, अजून दुकानाचा वास न गेलेली.

गल्लीतल्या म्हाताऱ्या लाडलेबाबांनी तिन्हींकडे एकदा पाहिलं. मग पुन्हा सुईत दोरा ओवायला लागले.

"बाबा... ऊन चढायच्या आत निघायचंय."

"ऊन काय, रोजच चढतं."

कस्तुरी सासूबाईंच्या मागे उभी होती. फाल्गुनात मन्मथशी लग्न झालेलं, आणि चैत्रातली ही तिची पहिली जत्रा. डोक्यावरचा पदर सांभाळायचा आणि बोलायचं कमी, एवढंच काम तिच्याकडे होतं. त्यामुळे बघायला वेळच वेळ होता.

निंबाईच्या डोंगराला नऊशे पायऱ्या. वर झरा नाही, विहीर नाही, दुकान मांडायची तर चालच नाही. देवीकडे अनवाणी आणि मोकळ्या हातांनी चढायचं. हातात तांब्या नाही की बाटली नाही. प्रत्येक गल्लीचा एकच पाणक्या. सगळ्यांचं पाणी आणि अडीनडीचं सामान त्याच्या एकट्याच्या पाठीवर.

आणि वर पोचल्यावर त्याच्याच पिशवीतल्या पाण्यानं देवळाचा उंबरा भिजवायचा. उंबरा भिजला की ती गल्ली आत. पिशवी कोरडी पोचली, तर बाहेरूनच हात जोडायचे आणि उतरायचं. मागच्या साली वरच्या गल्लीवर ती पाळी आली होती. त्यांच्या बायका भरल्या ओट्यांसकट परत आल्या. गावात अजून त्याची चर्चा थांबलेली नव्हती.

मधल्या गल्लीचं पाणी अडतीस वर्षं लाडलेबाबांच्या पाठीवर होतं. घराणं पखाल्यांचं, बापआज्यांनी जन्मभर पाणीच वाहिलेलं. यंदा मात्र बाबांच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. अडतीस वर्षांत पिशव्या चारदा बदलल्या, पण तोंडाला बसवायची पितळी तोटी तीच. झिजून झिजून सोन्यासारखी झालेली. ती आता कुणाला द्यायची, एवढंच ठरायचं होतं.

मन्मथला ती हवी होती. मनापासून हवी होती. तालुक्याच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा, आणि दोन वर्षं दर रविवारी बाबांच्या पायाशी बसून कातडं कमवायला, टाके घालायला शिकला होता. बाबा त्याला मास्तर म्हणायचे. ते कौतुकानं की चेष्टेनं, हे काही त्याला अजून उलगडलेलं नव्हतं. कस्तुरीला पहिल्याच दिवशी उलगडलं होतं.

"मला विचाराल तर," मन्मथ म्हणाला, "तुमची मशक आता जुनी झाली. उन्हात कातडं तापतं, वास येतो. कॅनव्हासची पाणी गार ठेवते, पण चढता चढता पावशेर तरी पाझरून जाईल. ही बघा. आत रबरी पिशवी. दहा लिटर. नळी ओढायची की पाणी हजर. थेंब सांडत नाही. बाहेर अकरा कप्पे."

"अकरा!" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीलासुद्धा एवढे कप्पे नव्हते.

"काय काय भरलंस?" बाबांनी विचारलं.

"लिंबं, मीठसाखर, ऊन लागलं तर हुंगायला कांदा. चिकटपट्ट्या, मलम, शिट्टी, कात्री. टोप्या. ओटीचं सामान एका कप्प्यात. नारळसुद्धा बसला."

तो नारळ कस्तुरीचा होता. तिला बरं वाटलं. अकरा कप्प्यांच्या माणसाला आपला नारळ आठवला, हेही काही थोडं नव्हे.

"माणसं किती?"

"मी सोडून एकवीस. दरवर्षीचीच."

पदराआड कस्तुरीने बोटांच्या पेरांवर मोजलं. बावीस आले. पुन्हा मोजलं. पुन्हा बावीस. शेवटचं पेर तिचं स्वतःचं होतं.

पण नवऱ्याचं गणित चारचौघांत दुरुस्त करायला लग्नाला निदान दोन उन्हाळे तरी व्हावे लागतात.

बाबांनी सुईवरून नजर उचलली. मन्मथकडे नाही... तिच्या बोटांकडे.

"एकवीस," ते म्हणाले. "बरं."

मग त्यांनी निळी पिशवी मांडीवर घेतली. दाबली. हलवली. कानाशी नेली.

"ही बोलत नाही?"

"तीच तर खुबी आहे, बाबा! आतली सगळी हवा काढून टाकायची. मग पाणी हिंदकळत नाही, पाठीला हिसके बसत नाहीत. तुमची मशक नऊशे पायऱ्या नुसती डुबुकडुबुक करायची. लहानपणापासून ऐकतोय." तो हसला. "उथळ पाण्याला खळखळाट फार."

"हो ना," बाबा म्हणाले. "फार."

ते उठले. गुडघे कुरकुरले. चिंचेच्या बुडाशी गुरांसाठी दगडी डोणी होती, तिच्यापाशी ते गेले. पिशवीचं झाकण फिरवून काढलं.

आणि पाणी ओतायला लागले.

"बाबा!"

पाणी डोणीत पडत राहिलं. कुठून तरी दोन साळुंक्या आल्या.

"बाबा, अहो... वर थेंब नाही मिळत! एकवीस माणसं आहेत! उंबरा भिजवायचाय!"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. बरोबर निम्मी पिशवी रिकामी झाली, तेव्हा बाबा थांबले. पिशवीचं तोंड वाऱ्याकडे धरलं, एक हिसका देऊन आत वारा भरून घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

मग हलवली.

डुबुक.

"आता ने," ते म्हणाले.

"ही? माझीच?"

"तुझीच. चांगली आहे की... हलकी आहे."

"आणि पाणी संपलं तर?"

बाबा पुन्हा सुईदोऱ्याकडे वळले होते.

०

मन्मथ पहिल्या शंभर पायऱ्या मागे न बघता चढला. त्याच्या लगेच मागे कस्तुरी होती, तिच्यामागे सासूबाई आणि मग सगळी गल्ली. तिच्या नाकासमोर निळी पिशवी. पाऊल पडलं की डुबुक. दुसरं पडलं की डुबुक.

म्हाताऱ्याने अर्धं पाणी का ओतलं असेल? तिला तर त्याचंच कोडं पडलं होतं. ओझं हलकं करायला? मग कप्पे का नाही रिकामे केले? कात्रीचं देवीपाशी काय काम?

दोनशेव्या पायरीवर पहिला टप्पा आला. नेहमीप्रमाणे सगळे पाण्यासाठी पुढे सरसावले. मन्मथने म्हाताऱ्यांपासून सुरुवात केली. नळी वर धरून एकेकाच्या ओंजळीत धार सोडली.

चारशेव्या पायरीवर ऊन पाठीत उतरलं. दगड तव्यासारखे झाले. किराणावाले महादप्पा मधेच थबकले. "मास्तर, पाणी आहे ना रे?"

मन्मथने नुसता खांदा हलवला. डुबुक.

"मग राहू दे. पुढच्या टप्प्यावर बघू."

असं एकदा झालं, दोनदा झालं. मन्मथच्या लक्षात आलं आणि त्याची मान हळूहळू ताठ झाली. कस्तुरीला मागून ती मानच दिसत होती. मान बरंच काही सांगते. आता तो मुद्दाम जरा जोरात पाय टाकत होता.

सहाशेव्या पायरीवर त्याने मागे न वळताच हाक दिली, "आई, पाणी हवंय का?"

"नको रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. "आम्हाला काय धाड भरलीय!"

त्या 'आम्हाला'मध्ये कस्तुरीही आली.

तिची जीभ टाळूला चिकटली होती. पहाटेपासून चहासुद्धा नव्हता, कारण चहा आधी कुणाला द्यायचा या घोळात तिचा राहूनच गेला. मागावं तर सगळी गल्ली बघणार. आणि हाक काय मारावी? घरात 'अहो' म्हणायलाच अजून जड जात होतं, इथं तर नऊशे पायऱ्या ऐकणार.

डुबुक, पिशवी म्हणाली. डुबुक.

पिशवीच्या त्या बाजूला मन्मथ होता, या बाजूला ती. मधे पाणी.

टप्पे आले, गेले. टप्प्यावर पोचला की तो थेट पुढच्या म्हाताऱ्यांकडे जायचा, नाहीतर मागच्या टोकाला. त्याच्या पाठीशी जी उभी असायची, ती पाठीशीच राहिली.

वर पोचले तेव्हा पिशवीत चांगलं पाणी होतं. मन्मथने उंबऱ्यावर धार धरली. नुसता शिंतोडा नाही, भरघोस धार, पार पायरीवरून खाली ओघळली. महादप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बाबाच्या वरताण निघालास की!" ओट्या भरल्या. नारळ फुटला. मन्मथने बाहेर राहिलेल्यांना अजून एकेक ओंजळ दिली. बायका तेव्हा गाभाऱ्यात होत्या.

कस्तुरीने उंबरा ओलांडताना ओल्या दगडावर पाऊल जरा जास्त वेळ ठेवलं. तेवढाच गारवा.

०

उतरताना मन्मथ सगळ्यांच्या पुढे होता. चिंचेखाली पोचला तो जवळजवळ धावतच.

"बाबा! उरलं!"

लाडलेबाबा टाका घालत होते. डाव्या मुठीत काहीतरी होतं. मुठीच्या फटीतून पितळ चमकलं. मन्मथने ते पाहिलं, कस्तुरीनेही पाहिलं.

"उरलं होय?"

"उंबरा धुऊन निघाला, सगळे पाणी प्याले, आणि वर तांब्याभर उरलं! निम्म्या पाण्यात!" तो बाबांसमोर उभा राहिला. पाठीवरची पिशवी काढायचंही भान नव्हतं. "आणि मला कळलं, बाबा. तुम्ही का ओतलं ते कळलं."

"सांग बरं."

"माणूस तहानेनं मागत नाही. संपेल या भीतीनं मागतो. भरलेली पिशवी मुकी असते. तिच्यात आहे की नाही, कुणाला कळतच नाही, म्हणून जो तो आधी आपलं पिऊन घेतो. निम्मी पिशवी वाजते. वाजली की माणूस निर्धास्त होतो." तो शाळेत फळ्यापुढे थांबत असेल तसा थांबला. "बरोबर ना?"

बाबांनी दोरा दातांनी तोडला.

"बरोबर."

मन्मथने हात पुढे केला. तळवा वर करून.

बाबांनी हाताकडे पाहिलं नाही. बाकीची माणसं एकेक करून येत होती, सावलीत टेकत होती. सासूबाई कपाळाचा घाम पुसत दगडावर बसल्या. आणि कस्तुरी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, कडेकडेने चिंचेमागच्या रांजणाकडे निघाली होती.

"पोरी, थांब. तिकडं नको."

ती थांबली. सगळेच थांबले.

बाबा उठले. मन्मथच्या पाठीमागे आले आणि त्याच्या खांद्यावरून नळी मागे ओढून घेतली.

"ये. ओंजळ कर."

कस्तुरीने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई तिच्या ओठांकडे बघत होत्या. पांढऱ्या पडलेल्या, भेगाळलेल्या ओठांकडे.

"अगो बाई..." त्या हळूच म्हणाल्या.

कस्तुरीने ओंजळ केली. धार आली. कोमट, रबराचा वास असलेली. ती प्याली. पुन्हा ओंजळ केली. आता तिला गल्ली दिसत नव्हती, की पदर कुठवर घसरला तेही कळत नव्हतं. ती पीतच होती.

"कोण आहे, बाबा?" मन्मथने मान वळवली.

"वळू नको."

"पण कोण..."

"वळू नको, मास्तर. ऐक."

मन्मथ तसाच उभा राहिला. पुढे केलेला हात अजून तसाच होता. पाठीवरची पिशवी ओंजळीओंजळीने हलकी होत होती. डुबुक... मग बारीक डुबुक... मग रबराला रबर चिकटल्याचा आवाज.

मग काहीच नाही.

साळुंक्या डोणीच्या काठावर बसल्या होत्या. कस्तुरीने ओल्या हाताने तोंड पुसलं. समोर मन्मथची मान होती. आता ती ताठ नव्हती. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता.

पुढे केलेला हात हळूहळू खाली आला.

पितळी तोटी मुठीत तशीच धरून लाडलेबाबा फिरून त्याच्यासमोर आले.

"किती माणसं होती म्हणालास, मास्तर?"