कोतवालांच्या फांदीवरची भांग

सोनवडीचे कोतवाल हैबतराव यांच्या आंब्याची एक फांदी शेजारच्या सगुणाबाईच्या अंगणात लवली होती. पालापाचोळा झाडायचा सगुणाबाईनं आणि आंबे न्यायचे कोतवालांनी. तिनं सुभेदारांकडे दाद मागितली, तेव्हा कोतवालांनी भर कचेरीत ठणकावलं, "अंगण कुणाचंही असो, माझ्या फांदीला लोंबेल ते माझं." सुभेदारांनी मान डोलावली.

पुढे सुभेदारांनी भांग लावायला बंदी केली. ऐन माघात कोतवाल मिशांना पीळ देत त्यांना सगुणाबाईच्या अंगणात घेऊन आले. फांदीला मडकं टांगलेलं होतं आणि त्याच्या बुडाच्या भोकातून भांगेचं रोप खाली डोकं करून डोलत होतं.

"जमिनीत लावली तर हिची शेळी खाते, म्हणून उलटी टांगलीय," कोतवाल म्हणाले. "घर जप्त करा, सरकार."

सगुणाबाई शांतपणे म्हणाली, "फांदी कोतवालसाहेबांची. तिला लोंबतंय ते कुणाचं, हे त्यांनीच कचेरीत सांगितलंय."

सुभेदार कोतवालांकडे वळले. कोतवालांच्या मिशा खाली आल्या.

"सरकार, चुकलं माझं. फांदीला लोंबेल ते अंगणवालीचंच."

"नक्की?"

"देवाशपथ, सरकार."

"मग भांग हिचीच ठरली," म्हणत सुभेदारांनी वर पाहिलं. तोवर सगुणाबाईनं मडक्याची दोरी सैल सोडली होती आणि खाली शेळी शेवटचं पान चघळत होती.

"आता फांदीला नुसता मोहर आहे, सरकार," सगुणाबाई म्हणाली. "तो तेवढा माझा."