आवळणीचा मान

राजा प्रचंडसेनाच्या रथाचं चाक भर मिरवणुकीत तिसऱ्यांदा निखळलं, आणि चौकशीअंती तिसऱ्यांदाही दोष लोहाराचाच निघाला!

"धर्माजी," महाराज धुळीत बसूनच गरजले, "उद्या सूर्य डोक्यावर यायच्या आत चाक पक्कं झालं पाहिजे. चारही नट सारखे आवळलेले हवेत, रतीभराचा फरक नको. नाहीतर तुझी ऐरण जप्त आणि तू राज्याबाहेर!"

"आवळतो की, महाराज. फक्त मला एकट्याला..."

"एकट्याला? आणि आवळणीचा मान?"

तो मान पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. पहिला नट सेनापतींचा, दुसरा राजगुरूंचा, तिसरा प्रधानांचा, चौथा खुद्द महाराजांचा. लोहारानं पाना तेवढा पुढे करायचा!

धर्माजी घरी येऊन ऐरणीपाशी मटकन बसला. त्याची सून मथुरा दाराआड उभी होती. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. एवढ्या दिवसांत ती बोलली थोडं, पण पाहिलं पुष्कळ. आवळणीचा सोहळाही तिनं गर्दीतून टाचा उंचावून पाहिला होता. सेनापती नटाला शत्रू समजून असे भिडले, की बोल्टाचे आटेच गेले. राजगुरूंनी लोखंडाचा स्पर्श नको म्हणून पाना रेशमी उपरण्यातून दोन बोटांनी धरला. प्रधानांनी आधी सेनापतींकडे पाहिलं, मग राजगुरूंकडे, आणि कोणीच दुखावणार नाही इतपत आवळला. महाराजांनी पान्याला हात लावताच टाळ्या सुरू झाल्या. आवळायचं राहूनच गेलं!

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही स्वतः आवळता तेव्हा पुरे झालं हे कसं कळतं?"

"हाताला कळतं गं. चाळीस वर्षांचा हात आहे हा."

"मग तो हात मला मोजून द्या."

"हात? मोजून?"

मथुरेनं त्याच्याकडून एक नट आवळून घेतला. लांब दांड्याचा पाना त्यावर आडवा बसवला आणि दांड्याच्या टोकाला तराजूची वजनं एकेक करून टांगत गेली. पाच शेरांपर्यंत पाना ढिम्म! वर पावशेर टाकला, तसा तो खाली कलला.

"हा घ्या तुमचा हात," ती म्हणाली, "पाच शेरांचा!"

दुसऱ्या दिवशी रथापाशी सेनापतींनी बाह्या सरसावल्या.

"सरकार, पाना आडवा बसवायचा आणि सोडून द्यायचा," मथुरेनं टोकाला पाच शेरांचं वजन अडकवलं.

"सोडायचा? मग आवळणार कोण?"

"वजन. पाना खाली गेला तर नट अजून सैल आहे. पुन्हा आडवा बसवायचा. जागचा हलला नाही, की झालं."

"मी आजवर लढाईत हात मागे घेतलेला नाही, पोरी!"

"ठाऊक आहे, सरकार. म्हणूनच बोल्ट नवा आणलाय!"

सेनापतींनी दात-ओठ खात हात काढला. राजगुरूंची दोन बोटं आज पुरेशी ठरली. प्रधानांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पण वजनानं कोणाच्याच तोंडाकडे पाहिलं नाही. महाराजांच्या पाळीला टाळ्या वाजल्या, थांबल्या, तरी पाना आपला सावकाश खाली येतच होता. पुन्हा बसवला; या खेपेला जागीच राहिला.

रथ दगडगोट्यांतून तीनदा पळवला. चाक डगमगलंसुद्धा नाही!

महाराज रथातून खाली उतरले. कपाळाला आठ्या. "पोरी, म्हणजे या चाकात आमचा जोर कुठेच नाही?"

धर्माजीनं डोळे मिटून घेतले.

"आहे ना, महाराज," मथुरा म्हणाली. "सेनापतींचा, राजगुरूंचा, प्रधानांचा जेवढा, तेवढाच तुमचा. रतीभराचा फरक नाही. आज्ञाच होती तशी!"

महाराज असे खदखदून हसले, की डोक्यावरचा फेटा सैल झाला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी मथुरेला दिलं. "ऐरण तुमचीच! आणि पाचवा मान आजपासून तुझा, वजन टांगायचा!"

तेवढ्यात फेटा घसरला. तो आवळायला सेनापती, राजगुरू आणि प्रधान एकदमच धावले.

"खबरदार!" महाराज दोन्ही हातांनी डोकं धरून ओरडले. "आधी तिला वजन आणू द्या!"