वेशीवरचा वीरगळ

एका राज्यात राजा होता, राणी होती, गाईगुरांनी भरलेलं कुरण होतं आणि वेशीवर एक वीरगळ उभा होता. वीरगळ म्हणजे गुरांसाठी, गावासाठी लढताना पडलेल्याचा दगड. खाली त्याची लढाई कोरायची, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि वर तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला. नाव कोरायचं नाही. नाव गावाने लक्षात ठेवायचं, असा तिथला रिवाज होता.

हा दगड एका गुराख्याचा होता. नदीपलीकडचे लुटारू गाई न्यायला आले, तेव्हा राजा अरिमर्दन घोडदळ घेऊन कुरणापर्यंत पोचला, लुटारूंची धूळ पाहिली आणि आल्या पावली परत फिरला. गुराखी काठी घेऊन एकटा उभा राहिला. गाई वाचल्या, तो गेला. गावाने दगड उभारला. महिना लोटला आणि राजाने काय करावं? मांत्रिकाकडून मंतरलेली छिन्नी आणवली आणि दगडाच्या तळाशी अक्षरं खोदवली, ‘अरिमर्दन राजाने गाई सोडवल्या.’ जिवंत माणसाने दुसऱ्याचं मरण आपल्या नावावर करून घेतलं, आणि त्या दिवशी राजवाड्यात गोडाधोडाचं जेवण झालं.

दुसऱ्या सकाळी राज्यातल्या सगळ्या गाईंच्या आचळांतून दुधाऐवजी दगडाची भुकटी पडू लागली. शेळ्या आटल्या. बाळंतिणींचे पान्हे आटले. आठवड्याभरात तान्ही मुलं रडायची थांबली, कारण रडायलाही त्राण लागतं.

गुराख्याला एक बहीण होती, देमाई. शाप कशाचा हे तिला ठाऊक होतं. गावालाही होतं, पण गाव मूग गिळून बसलं होतं. देमाईला दोनच गोष्टी हव्या होत्या. राजाचं नाव दगडावरून जावं आणि भावाचं नाव लोकांच्या तोंडी राहावं. ती कुरणावर जाऊन बसली, तेव्हा टिटवीने तिला हाक मारली.

“मी सगळं पाहिलं,” टिटवी म्हणाली. “माझी अंडी तिथेच उघड्यावर होती. लढताना त्याने त्यांच्यावर पाय पडू दिला नाही.”

“मग तू साक्ष दे.”

“पाखराची साक्ष माणसांत चालत नाही. डोंगरातल्या लेण्यात यक्षी आहे. तिच्याकडे जा.”

लेणं फार जुनं होतं. कोणी खोदलं ते कोणालाच माहीत नव्हतं. दाराशी दगडाची यक्षी उभी होती आणि तिचं नाक कधीकाळी कोणीतरी फोडलं होतं. देमाईने पुढे दिवा लावला, तशी ती बोलू लागली.

“मंत्राची अक्षरं छिन्नीने जात नाहीत. खऱ्या बोलण्याने जातात,” यक्षी म्हणाली, आणि तिने एक काशाची घंटा पुढे केली. घंटेत लोलक नव्हता. “मारणाऱ्याने, उचलणाऱ्याने आणि पळणाऱ्याने हिच्यासमोर खरं बोलावं. तीनदा वाजली की अक्षरं गळून पडतील.”

“आणि माझ्या भावाचं नाव?”

“ते माझ्या हाती नाही.”

देमाई नदी ओलांडून लुटारूंचा नायक कान्हड याच्या दारी गेली. त्याने तिला ओसरीवर बसवलं.

“मीच मारला,” कान्हड म्हणाला. “माझा भाऊही त्याच्या काठीने गेला. आधी माझ्या घरी जेव. जेवलीस की वैर संपलं. मग घंटेसमोर बोलतो.”

कान्हडच्या म्हाताऱ्या आईने भाकरी आणि कुळथाचं कढण वाढलं. तिने मान वर केली नाही. देमाईने ताट संपवलं. मग कान्हड घंटेसमोर उभा राहिला. “तो एकटा होता. पळाला असता तर आम्ही मागे लागलो नसतो. तो पळाला नाही.” घंटा वाजली. या सगळ्या कथेत सरळ तोंडाने खरं बोललेला पुरुष हा एवढाच, आणि तो खुनी होता.

प्रेत कुरणावरून चौघांनी उचलून आणलं होतं. राजाने चौघांनाही इनाम जमिनी देऊन गप्प केलं होतं. तिघांनी देमाईला दारातूनच हाकललं. चौथा नेमा तेली, तिच्या भावाचा लहानपणापासूनचा सोबती.

“बोललो तर जमीन जाईल,” नेमा म्हणाला. “तुझ्या गाई आणि गोठा मला दे. मग बोलतो.”

“तो तुझा मित्र होता, नेमा.”

“होता. मला पोरंबाळं आहेत.”

देमाईने गाई दिल्या, गोठा दिला. नेमा घंटेशी वाकून हळूच म्हणाला, “मी उचलला. अंगावर अकरा घाव होते. पाठीवर एकही नव्हता.” घंटा वाजली, तसा नेमा ढसाढसा रडला. रडून झाल्यावर गाई हाकत घेऊन गेला.

उरला राजा. त्याचा मुलगा तीन महिन्यांचा होता आणि राणीचाही पान्हा आटला होता. राजाने देमाईचं सगळं ऐकून घेतलं.

“बोलेन,” राजा म्हणाला. “पण एकांतात. आणि तुझ्या भावाचं नाव तुझ्या तोंडून पुन्हा कधी निघायचं नाही. निघालं तर शाप परत येईल, असं घंटेवर हात ठेवून वचन दे. इतरांच्या तोंडाचं मी पाहतो.”

“महाराज, आपलंही बाळ उपाशी आहे.”

“बाळ दुसरं होईल. गेलेलं नाव परत येत नाही.”

राणीने उठून मूल देमाईच्या मांडीवर ठेवलं. त्याला वजनच नव्हतं. देमाई आणखी दोन दिवस अडून बसली असती, तर राजा कदाचित नमला असता. मूल मात्र दोन दिवस काढणार नव्हतं, आणि राज्यात अशी कितीतरी होती. तिने घंटेवर हात ठेवला. मला याचा अजून संताप येतो. ज्याला लाज नव्हती तो खुशाल बसून राहिला, आणि जिला माया होती तिनेच हार मानायची.

राजाने घंटेत तोंड घालून म्हटलं, “मी पळालो.” घंटा तिसऱ्यांदा वाजली. वेशीवरच्या दगडावरून अक्षरं गळून पडली. राणीला पान्हा फुटला. संध्याकाळच्या धारांना राज्यभर चरव्या दुधाने भरल्या.

शाप सरला, राज्याची घडी पूर्ववत बसली. राजाने दवंडी पिटवली की आपण विनयाने आपलं नाव स्वतःच पुसून टाकलं आहे. लोक म्हणाले, राजा असावा तर असा. नेमा पुढच्या रांगेत उभा होता. गुराख्याचं नाव घेणाऱ्याला हद्दपारी ठरली, आणि खरं सांगायचं तर कोणाला फारसं जडही गेलं नाही. पुढे दगडाला शेंदूर लागला. गुरं आजारी पडली की बायाबापड्या तिथे नारळ फोडू लागल्या. कोण आहे म्हणून विचारलं, तर देव आहे म्हणायच्या.

देमाई नेमाच्या गोठ्यात शेण काढून पोट भरू लागली. गाई तिला ओळखत होत्या. म्हातारी होऊन ती अंथरुणाला खिळली, तेव्हा शेजारणी पाणी पाजायला आल्या. राजा कधीच मेला होता. एकजण म्हणाली, “आत्याबाई, आता तरी त्याचं नाव सांगा. आता कोणाची भीती?” त्या बाईच्या पदराखाली तिचं तान्हं दूध पीत होतं. देमाईने त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. ते मग उघडलेच नाहीत.

कहाणी इथे पुरी होते. सुफळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अरिमर्दन, कान्हड, नेमा, सगळ्यांची नावं तुम्हाला सांगितली. गुराख्याचं मला कोणी सांगितलं नाही.